गाउटची गोळी आणि कळलावी

गाउटमुळे पायाचा अंगठा असा ठणकतो की चादरही सोसवत नाही. मग मी कोल्चिसीनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेतो. उभं आयुष्य औषधांच्या दुकानात गेलं, त्यामुळे तिचं घराणं मला ठाऊक आहे.

सहाव्या शतकात ट्रॅलेसचा वैद्य अलेक्झांडर गाउटवर कोल्चिकम या वनस्पतीचा कंद देत असे. पुढे हा कंद विषारी म्हणून मागे पडला. अठराव्या शतकात हुसाँ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने ‘ओ मेदिसिनाल’ नावाचा गुप्त काढा विकला. त्यातही कोल्चिकमच होता; हे १८१४ मध्ये इंग्लंडच्या जॉन वाँट यांनी ओळखलं. १८२० मध्ये पॅरिसच्या पेलेतिए आणि कावाँतू यांनी कोल्चिकममधलं कोल्चिसीन हे द्रव्य वेगळं काढलं.

हे द्रव्य पांढऱ्या पेशींची धावपळ रोखतं, म्हणून सूज उतरते. फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण पेटते. त्यावरही ते चालतं, असं डॉक्टर गोल्डफिंगर यांनी १९७२ मध्ये कळवलं.

तेच द्रव्य आपल्या कळलावीच्या वेलीतही आहे. पावसाळ्यात कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं दिसतात. औषधाची आणि विषाची मात्रा इथे फार जवळजवळ आहे. तेव्हा फुलं खुशाल पाहा, पण कंद उगाळून पिऊ नका; गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.