अंड्यावरील संरक्षक लेप

कोंबडीच्या अंड्याच्या कवचावरची सूक्ष्म छिद्रे बुजवून अंडे अधिक दिवस टिकवण्याची पद्धत. एका कवचावर साधारण 7,000 ते 17,000 छिद्रे असतात. अंडे घातल्यावर त्यावरचा ओलसर पापुद्रा लगेच वाळतो आणि छिद्रे झाकतो. धुतल्यावर किंवा घासल्यावर तो निघून जातो. मग आतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू झपाट्याने बाहेर पडतात. पांढऱ्या भागाचा सामू सुमारे 7.6 वरून 9 च्या पुढे चढतो, घट्ट पांढरे पातळ होते आणि फोडलेले अंडे तव्यावर पसरते. लेपाचे मुख्य काम हा वायू आत कोंडून ठेवणे.

शीतगृहे सर्रास होण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत हंगामातली अंडी हिवाळ्यासाठी चुन्याच्या निवळीत किंवा सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून ठेवत. अशी अंडी उकडण्याआधी सुईने टोचावी लागत, नाहीतर फुगलेली हवा कवच फोडी.

भारतात कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत चुन्याचीच कृती स्वस्त म्हणून शिकवतात. 1 किलो कळीच्या चुन्यावर 1 लिटर उकळते पाणी ओतायचे, निवले की 5 लिटर पाणी आणि 250 ग्रॅम मीठ घालायचे. चुना तळाशी बसल्यावर वरची निवळी गाळून त्यात अंडी रात्रभर ठेवायची आणि सावलीत वाळवायची. चुन्याचा बारीक थर छिद्रांत बसतो. अंडी फ्रीजविना महिनाभर निभतात.

व्यापारात रंग-वास नसलेले, खाण्यायोग्य खनिज तेल फवारतात. ते अंडे घातल्यापासून 24 तासांच्या आत लावावे. उशीर झाला तर निघून गेलेला वायू परत येत नाही. तेल अंड्यापेक्षा थोडे गरम हवे. थंड तेलाने अंडे आकसते आणि कवचावरची घाण आत ओढली जाते. मेण, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान आणि दुधाच्या निवळीतली (व्हे) प्रथिने यांच्या लेपांवरही बरेच प्रयोग झाले आहेत, पण तेलाइतके स्वस्त आणि सोपे काही नाही.

लेप जंतू मारत नाही. आत शिरलेला साल्मोनेला तसाच राहतो. शिवाय तेल लावलेले अंडे उकडल्यावर सोलताना कवचाला चिकटते, कारण सामू चढलेला नसतो. पाण्यात टाकून जुने-ताजे ओळखण्याची घरगुती पारखही त्याच्यापुढे फसते: पाणी न आटल्याने जुने अंडेही तळाशी जाते.