किडलेली दाढ: धुरीपासून सिमेंटपर्यंत

पुणे जिल्ह्यात दातांच्या इतिहासाचा फार जुना पुरावा इनामगावात मिळतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेल्या या शेतकरी वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केले. तेथे दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांतील दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी केला. शिकार सोडून धान्यावर जगू लागलेल्या समाजांत दातांची कीड बहुधा वाढते, असे जगभरच्या प्राचीन सांगाड्यांवरून दिसते. याच जिल्ह्यातील, पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीसारख्या ज्वारी-बाजरीच्या गावांना ही पीडा शेतीबरोबरच आली, असे मानायला हरकत नाही.

दाढ अळीमुळे पोखरते, ही समजूत बाबिलोनपासून भारतापर्यंत होती. सुश्रुतसंहितेत या विकाराला ‘कृमिदन्तक’ म्हटले आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड ‘पाडत’. धुरीनंतर जे पांढरे, अळीसारखे तुकडे दाखवले जात, ते बहुधा बियांमधले अंकुर असत. ठणका मात्र काही काळ कमी होई, म्हणून उपाय टिकला. लवंगेचे तेल आजही घरोघर आहे, आणि त्यातील युजेनॉल खरोखरच वेदना बधिर करते. या कशानेही पोकळी भरत नसे. शेवटी दाढ उपटणे एवढेच उरे.

अळीची कल्पना फ्रान्सच्या पियेर फोशार यांनी १७२८ मध्ये नाकारली. खरे कारण १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी मांडले: दातांवरच्या थरातील जंतू साखर व पिष्टापासून आम्ल तयार करतात आणि आम्लाने दाताचे कवच विरघळते. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की कवचातील कॅल्शियम व फॉस्फेट निघू लागतात. लाळ ते थोडेफार परत देते. दिवसभर गोड चहा घोट घोट घेतला, तर लाळेला ही संधीच मिळत नाही. सुरुवातीला फक्त पांढरा डाग दिसतो आणि या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थांबू शकते. कवचाखालचा डेंटिनचा थर मऊ असल्याने कीड तेथे पोहोचल्यावर आडवी पसरते. वरून टाचणीएवढे भोक, आत मोठी पोकळी, असे होते ते यामुळेच. कवचात जिवंत पेशी नसतात, म्हणून गेलेला भाग पुन्हा उगवत नाही. तो भरावा लागतो.

पोकळी भरायला शंभराहून अधिक वर्षे ‘चांदी’ वापरली गेली. चांदी, कथील आणि तांबे यांची भुकटी पाऱ्यात घोटून हा लगदा होतो. वजनाने सुमारे निम्मा पाराच असतो. अमेरिकेचे जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात त्याचे प्रमाण बसवले. ही भर मजबूत आणि स्वस्त असली, तरी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून डॉक्टरांना निरोगी दातही कोरावा लागे. तिची ही बाजू फार महागात पडली.

दंतवैद्यकाचे शिक्षण महाराष्ट्रात मुंबईहून पसरले. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. डेंटिस्ट कायदा १९४८ मध्ये आल्यावर दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. पिंपरीत केंद्र सरकारचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून तेथे पेनिसिलीन बनू लागले. दाढेच्या मुळाशी साठलेला पू मान आणि श्वासमार्गापर्यंत पसरून माणूस दगावण्याचा धोका या औषधाने फार कमी झाला. दाढ मात्र त्याने वाचत नव्हती.

निगडीचे गावपण प्राधिकरणाने बदलले. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले आणि कारखान्यांतील कामगारांसाठी येथे सेक्टर आखले गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ग्लास आयनोमर सिमेंटची माहिती प्रसिद्ध केली. हे सिमेंट दाताला रासायनिक रीतीने चिकटते आणि फ्लोराइडही सोडते, म्हणून कोरणे कमी लागते. वीज नसेल तेथेही हाताच्या उपकरणांनी कीड खरवडून ते भरता येते. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात आकाराला आली. दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिट भरीसाठी मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये कवच आम्लाने खरखरीत करण्याची युक्ती दिली होती. पुण्यात भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले, आणि नंतर पिंपरीतही दंत महाविद्यालय आले.

पाऱ्याबाबतचा मिनामाटा करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्या दातांत सहसा चांदी भरू नये, असे २०२२ च्या दुरुस्तीने ठरले. जुनी, घट्ट बसलेली चांदी मात्र केवळ भीतीपोटी काढून घेऊ नये. ती काढताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि चांगला दातही थोडा जातो.