मुक्कामी गाडीची हवा

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. जुन्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर बिघडला तर तो दुरुस्त करायचा की नवा बसवायचा? ऐकताना हा अमेरिकेतल्या एखाद्या हौशी माणसाचा प्रश्न वाटतो. पण तोच हिंगोली जिल्ह्यात आणून ठेवला की त्याला वेगळं वजन येतं. इथे या प्रश्नाचं उत्तर एका महामंडळाने फार आधी शोधून ठेवलेलं आहे. त्याची आठवण मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही.

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. साध्या बसचं वजन कमानपाट्यांवर असतं. एअर सस्पेन्शनमध्ये पाट्यांचं काम जाड रबराचे फुगे करतात. कंपनीच्या पुस्तकात त्यांना बेलो म्हणतात, गॅरेजात सरळ फुगा. त्यात दाबाची हवा भरलेली असते. गाडीत माणसं चढली की गाडी खाली बसते. मग लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी हलते, फुग्यात आणखी हवा जाते आणि गाडी परत ठरलेल्या उंचीवर येते. माणसं उतरली की जादा हवा बाहेर, फुस्स. ही हवा दाबून टाकीत भरतो तो कॉम्प्रेसर. सिलिंडर, पिस्टन, रिंगा, वर हेडमध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या. एवढाच त्याचा संसार.

बसच्या धंद्यात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली ती अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, १९५३ पासून. १९५४ साली ग्रेहाउंड कंपनीची प्रसिद्ध सीनिक्रूझर बस रस्त्यावर आली, तीही फुग्यांवर. पुढे १९७३ ते १९७८ या काळात त्याच जनरल मोटर्सने जीएमसी मोटरहोम नावाचं चाकांवरचं घर विकलं. सुमारे १३ हजार गाड्या निघाल्या. आज ‘जुनं मोटरहोम आणि त्याचा कॉम्प्रेसर’ असं कुणी म्हटलं की बहुतेक वेळा डोळ्यांपुढे हीच गाडी येते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं, आणि त्या दोन चाकांच्या मध्ये आडवा फुगा. मुक्कामाला जागा उंचसखल मिळाली तर हवा कमी-जास्त करून गाडीची मागची बाजू सपाट करायची. रात्री माणूस पलंगावरून घरंगळू नये, एवढा साधा हेतू.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. जीएमसीचे ब्रेक तेलाचे होते. हवा लागे ती फक्त फुग्यांना, म्हणून त्या गाडीत बॅटरीवर चालणारा लहानसा कॉम्प्रेसर पुरला. मोठ्या बसमध्ये ब्रेकच हवेवर असतात. तिथला कॉम्प्रेसर इंजिनावर बसवलेला असतो, इंजिन चालू आहे तोवर तोही फिरतो. फुगे असतील तर त्यांनाही हवा तिथूनच, पण आधी ब्रेकच्या टाक्या भरायच्या आणि मग फुगे. हा क्रम राखण्यासाठी मध्ये वेगळा व्हॉल्व्ह असतो. पहिला कॉम्प्रेसर बिघडला तर झोप बिघडते. दुसरा बिघडला तर गाडी जागची हलत नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. आपल्याकडे मोटरहोम कुठे होतं, असं कुणी विचारेल. हौसेचं नव्हतं. पण गाडीत रात्र काढणारी माणसं होती, आणि त्यांच्या गाडीला नावही होतं: मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघायचं, सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या कुठल्या तरी शेवटच्या गावाला पोचायचं आणि रात्र तिथेच काढायची. चालक-वाहक सीटवर आडवे व्हायचे, उन्हाळ्यात टपावर, नाहीतर मारुतीच्या ओट्यावर. गाव पाणी द्यायचं, कधी भाकरीही. घराचं सामान नसलेलं ते चाकांवरचं घरच म्हणायचं. पहाटे तीच गाडी परत निघायची. तिच्यात दुधाचे कॅन, कॉलेजची मुलं, कोर्टात तारीख असलेला शेतकरी, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट.

हवेचे ब्रेक आल्यानंतर या पहाटेला एक नवी पायरी लागली. रात्रभरात हवा थोडी थोडी निघून गेलेली असते. चालकाने इंजिन सुरू केलं की लगेच निघता येत नाही, समोरच्या घड्याळाचा काटा चढेपर्यंत थांबावं लागतं. ‘प्रेशर होऊ द्या, मग निघू.’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने पहाटेची एसटी पकडलेली नाही, असं आम्ही खुशाल म्हणू. साधारण सात-आठ किलोचा दाब झाला म्हणजे गाडी निघण्यासारखी होते. कॉम्प्रेसर धडधाकट असेल तर काही मिनिटांत. रिंगा झिजलेल्या असतील तर इंजिन गुरगुरत राहतं, काटा रेंगाळतो, मुलं घड्याळ बघतात. गावात ना सुटा भाग, ना फिटर. या गाडीचा कॉम्प्रेसर कुठे, कुणी आणि कसा दुरुस्त करायचा, हा कॉलेज बुडण्या न बुडण्याचा प्रश्न होता.

ही व्यवस्था कुठून आली ते थोडं मागे जाऊन पाहावं लागेल. हिंगोली जिल्हा म्हणून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी परभणी जिल्हा, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य. निझामाच्या राज्यात सरकारी बससेवा जून १९३२ मध्ये सुरू झाली, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. महत्त्वाची गोष्ट अशी की ती रेल्वेच्या खात्याचाच एक भाग होती. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. त्यांतली एक पुढे दुरुस्त करून हैदराबादला जपून ठेवली गेली. सुटा भाग बोटीने यायचा, आणि महायुद्धात आयातीवर संकट आलं तेव्हा तर आहे त्यातच भागवणं आलं. रेल्वेच्या लोकांना हे नवं नव्हतं. इंजिन उघडायचं, भाग काढायचा, कारखान्यात नेऊन नव्यासारखा करायचा आणि दुसऱ्या इंजिनाला लावायचा, ही त्यांची रोजची रीत. बसच्या वर्कशॉपला ही शिस्त रेल्वेच्या घरातून मिळाली असावी असं आमचं मत आहे.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगून पुढे जातो. पूर्णेहून हिंगोलीकडे येणाऱ्या मीटरगेज गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर थांबत. म्हणजे नळीतली हवा काढून घ्यायची. नळीत हवा शिरली की ब्रेक लागला. बसचं नेमकं उलटं, तिथे हवा भरल्याशिवाय काम नाही. एकाच गावातली दोन वाहनं, एक हवेच्या अभावावर भरवसा ठेवणारं आणि दुसरं हवेच्या दाबावर.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली इथली बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात मिसळली. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, मद्रासला सुंदरम-क्लेटन कंपनी निघाली आणि मोटारींसाठी हवेच्या ब्रेकचे भाग देशातच बनू लागले. हे नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं, कारण दुरुस्ती म्हणजे शेवटी रिंगांचा एक संच आणि हेडचं एक पॅकिंग वेळेवर हातात येणं.

आता मूळ प्रश्न. एसटीच्या कामाची विभागणी तीन ठिकाणी आहे: आगार, विभागीय कार्यशाळा, मध्यवर्ती कार्यशाळा. हिंगोली, वसमत, कळमनुरी ही आगारं परभणी विभागात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा, तिथे चॅसीवर बसचं शरीर उभं राहतं. कॉम्प्रेसरची गोष्ट बहुतांशी पहिल्या दोन ठिकाणी संपते. आगारात गाडी आली, प्रेशर होत नाही असं दिसलं, तर फिटर कॉम्प्रेसर उघडत बसत नाही. तो काढतो, दुसरा तयार ठेवलेला बसवतो, गाडी फेरीला जाते. काढलेला कॉम्प्रेसर विभागाला जातो. तिथे तो उघडला जातो, सिलिंडर मोजला जातो, रिंगा आणि पट्ट्या बदलतात, दाबावर चालवून पाहतात, आणि तो पुन्हा कुठल्या तरी आगाराच्या फळीवर येऊन बसतो.

म्हणजे दुरुस्त की बदली, या प्रश्नाला एसटीचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे. गाडीपुरती बदली, कॉम्प्रेसरपुरती दुरुस्ती. दोन्हींच्या मध्ये लागतो तो फळीवरचा जादा कॉम्प्रेसर. हजारो गाड्या एकाच जातीच्या असल्या की असा साठा परवडतो. जुन्या मोटरहोमवाल्याची खरी अडचण इथेच आहे. त्याची गाडी एकटी असते आणि फळी रिकामी. तो दुरुस्तीला बसला तर गाडी महिनाभर उभी, आणि नवा भाग आणला तर जुना भंगारात. फळी रिकामीच राहते.

जिल्ह्याच्या बाहेरचं एक उदाहरण देतो. १९८२ साली एन. टी. रामाराव आंध्रभर फिरले ते एका जुन्या शेव्हर्ले व्हॅनमधून, चैतन्य रथम. तिच्यातच राहणं, टपावरून भाषण. त्या गाडीला फुगे होते असं आम्ही म्हणत नाही. सांगायचं एवढंच की अशा एकट्या जुन्या गाडीवर मोहीम चालवायची तर मागे मेकॅनिकचं पथक लागतं. साध्या हौशी माणसाकडे ते कुठून येणार?

म्हणून अशा माणसाला एसटीच्या फिटरची कामाची पद्धत शिकता येईल, ती सांगतो. पहिली गोष्ट, कॉम्प्रेसरवर लगेच संशय घेऊ नका. रात्री गाडी सपाट जागी उभी करा, चारही कोपऱ्यांची उंची खडूने मांडून ठेवा. सकाळी जो कोपरा बसला असेल तिथे गळती. जोडांवर आणि फुग्याच्या घड्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा बोट दाखवेल. बॅटरीवरचा लहान कॉम्प्रेसर थांबून थांबून चालण्यासाठी केलेला असतो. कुठे तरी हवा गळत असली की तो सारखा चालत राहतो, तापतो आणि जळतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. हे इतक्या वेळा होतं की लोक कंपनीला शिव्या देतात आणि दहा रुपयांच्या वॉशरकडे बघत नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. एसटीत टाकीचा कॉक उघडून पाणी काढणं हे साधं काम, पण ते चुकलं की व्हॉल्व्ह गंजतात. नव्या गाड्यांत त्यासाठी ड्रायर असतो, त्यातले दाणे ओल शोषतात. त्यांनाही आयुष्य असतं. पाण्याबरोबर तेल निघालं तर मात्र रिंगा गेल्या असं समजा. इंजिनावरचा कॉम्प्रेसर असेल तर हिंगोलीत काय, जिथे ट्रक उभे राहतात अशा कुठल्याही गावात त्याला उघडणारा हात मिळतो. बॅटरीवरच्या लहान कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. कार्बन ब्रश, रिले, पिस्टनचं सील एवढं बदलता येतं. पण अलीकडचे पुष्कळसे असे बंद करून विकले जातात की उघडताना मोडतात. असा असेल तर नवा घ्यावा. फक्त दाब, हवेचं प्रमाण आणि व्होल्ट जुळवून.

आणि तिसरी गोष्ट, जी खरं म्हणजे पहिली सांगायला हवी. फुग्यांवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅकवरही भरवसा नको. चॅसीखाली भक्कम स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे द्या आणि मगच नळी सोडा. नळी सुटली की फुगा एका श्वासात रिकामा होतो आणि काही टनांची गाडी खाली येते. वर्कशॉपात हे नवशिक्याला ओरडून शिकवतात, आणि ओरडतात ते बरोबरच करतात.

फुगेच काढून पाटे किंवा स्प्रिंग बसवले तर? हा मोह जुना आहे. जनरल मोटर्सच्याच १९५७ च्या महागड्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला फुगे होते. ते इतके त्रास देत की अनेक मालकांनी काढून साधी स्प्रिंग बसवली. आज मूळ फुग्यांवरची ती गाडी शोधावी लागते. आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. शिवाय २०२१ साली केंद्राने ५० वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, शरीर आणि इंजिनात मोठी फेरफार नको. कॉम्प्रेसर या तिन्हींत येत नाही, असा आमचा अर्थ. तो बदलल्याने गाडीचं मूळपण जाऊ नये. अख्खं सस्पेन्शन उपटलं तर प्रश्न उभा राहील.

तेव्हा नवा कॉम्प्रेसर जरूर बसवा, गाडी चालती करा. पण काढलेला जुना भंगारवाल्याला देऊ नका. त्याची तोंडं बुचांनी बंद करा, आत दोन थेंब तेल सोडा, कोणत्या तारखेला आणि का काढला ते चिठ्ठीवर लिहून वर बांधा. सवडीने लेथवाल्याकडे नेऊन सिलिंडर मोजून घ्या, रिंगा टाकून घ्या, दाबावर चालवून पाहा. मग तो फळीवर ठेवा.