कोऱ्या कडांची किंमत

आपल्याकडे एकेकाळी बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळत, तशी अमेरिकेत बेसबॉलपटूंची कार्डं मिळत. 1952 सालच्या संचातली न खपलेली खोकी 'टॉप्स' कंपनीच्या साय बर्गर यांनी 1960 मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली. ती फुकटही कोणी घेईना, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 1991 मध्ये 50,000 डॉलरना आणि 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकलं गेलं. म्हणजे एकतीस वर्षं दरसाल सुमारे 19 टक्के चक्रवाढ.

असे हिशेब अमेरिकेने 1980च्या दशकातही केले होते. जुन्या कार्डांचे भाव ऐकून लोकांनी नवी कार्डं खोक्यांनिशी घेतली आणि मुलांच्या शिक्षणाची तजवीज म्हणून जपली. कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. 1994च्या खेळाडूंच्या संपाने घसरत्या बाजाराला आणखी धक्का दिला. त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज कोणी विचारत नाही. 1952ची कार्डं पोरांनी खिशात कोंबली, सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी केरात टाकली, म्हणून उरलेली मोलाची ठरली. पुढची सगळ्यांनीच जपली.

उरलेल्यांतही प्रतवारी आली. 1991 पासून 'पीएसए' ही कंपनी कोपरे, कडा, छपाई तपासून 1 ते 10 असे गुण देते आणि कार्ड प्लास्टिकमध्ये बंद करते. 8 आणि 9 यांतला फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, किमतीत मात्र तो काही पटींचा असतो. घेणारा कागदाइतकाच परीक्षकाचा शब्दही विकत घेत असतो.

या शब्दाची कसोटी होनस वॅग्नरच्या कार्डावर लागली. 1909च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून आलेलं हे कार्ड 1991 मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत 4,51,000 डॉलरना घेतलं. त्याला 8 गुण मिळाले. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरना गेलं. 2013 मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो यांनी त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे. 2022 मध्ये वॅग्नरचंच दुसरं एक झिजलेलं, अवघ्या 2 गुणांचं कार्ड 72.5 लाख डॉलरना विकलं गेलं.

भाषांतरकाराला मूळ संहितेत कोणाचा हात फिरला आहे, हे पाहायची सवय असते. त्या सवयीने मला वाटतं, की जुन्या कार्डांतली मोजकीच किंमत टिकवतात आणि ती दुर्मिळतेच्या आधारावर. गुणांपायी मोजलेली जादा रक्कम दुसऱ्याच्या नजरेवरचा विश्वास असते. कार्ड व्याज देत नाही, लिलावदार दलाली घेतो. तो विश्वास ढळला, तर हाती कार्ड उरतं. तेव्हा ते आवडीचं असलेलं बरं.