झाडाला खिळा न मारता

लाकूडगिरणीत ओकचा ओंडका करवतीवर चढतो. पातं सालीतून आत शिरतं, इंचभर जातं आणि एकदम किंचाळतं. आत खिळा निघतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी वर चढायला म्हणून ठोकलेला, झाडानं सावकाश पोटात घेतलेला. बाहेरून साल अशी जुळून आलेली की जाणत्या नजरेलाही पत्ता लागू नये. पात्याचे दात उडतात, कधी पातंच तुटतं आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत, विस्कॉन्सिन-मिशिगनच्या बाजूला, असे कितीतरी खिळे हरणांच्या शिकाऱ्यांनी ठोकलेले. आपल्याकडे जोंधळ्याच्या राखणीला माळा घालतात, तशी चार फळ्यांची बैठक बेचक्यात बसवायची, खोडाला आडव्या पट्ट्या ठोकून पायऱ्या करायच्या आणि धनुष्य घेऊन वर हरणाची वाट पाहत बसायचं. आज तिथल्या बऱ्याच सरकारी जंगलांत झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायला कायद्यानं बंदी आहे. शिकाऱ्याच्या बैठकीला तिथे ‘ट्री-स्टँड’ म्हणतात. तिचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा या खिळ्याभोवतीच फिरतो. झाड सगळ्यांचं असेल, तर त्यावर एकट्यानं बसायचं कसं, हा त्यातला खरा प्रश्न.

झाड सगळ्यांचं झालं, त्याची कथा फारशी सुखाची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी उत्तरेकडची पांढऱ्या पाइनची अफाट जंगलं तोडून नेली. शिकागोसारखी शहरं त्या लाकडावर उभी राहिली. मागे राहिली रेताड जमीन आणि मैलोन्‌मैल बुंधे. ती जमीन शेतकऱ्यांना विकली गेली. थंडी कडक, हंगाम तोकडा, माती निकस. शेती बसली, कर थकले आणि 1920 नंतर लाखो एकर जमीन करापायी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, आणि राज्याच्या ताब्यात गेली. विस्कॉन्सिनमधली शेक्वामेगन आणि निकोलेट ही राष्ट्रीय वनं 1933मध्ये जाहीर झाली, ती मुख्यतः अशाच उजाड जमिनीवर. त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारनं बेकार तरुणांच्या तुकड्या उभ्या करून त्यांना झाडं लावायला पाठवलं. त्याही आधी हा बराचसा प्रदेश ओजिब्वे लोकांचा होता. 1837 आणि 1842च्या करारांत त्यांनी जमीन दिली, शिकारीचा हक्क मात्र राखून ठेवला. आणि तो हक्क अजून जिवंत आहे, हे मान्य करायला अमेरिकी न्यायालयाला 1983 साल उजाडावं लागलं. ‘सार्वजनिक जमीन’ हा शब्द तिथे उच्चारताना हे विसरून चालत नाही.

हरणांचीही तीच गत झाली होती. पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिथलं ‘व्हाइटटेल’, 1900च्या सुमारास देशभरात जेमतेम पाच लाख उरलं होतं असा अंदाज आहे. त्याचं मांस आणि कातडी रेल्वेनं शहरांत विकली जात होती. बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार 1900च्या लेसी कायद्यानं रोखला. पुढे तोडलेल्या जंगलात बुंध्यांना फुटवे आले, अ‍ॅस्पेनची कोवळी रोपटी माजली आणि हरणांना चारा मिळाला. आज तीच संख्या तीन कोटींच्या घरात धरली जाते. शिवाय अमेरिकी कायद्यात हरीण जमीनमालकाच्या मालकीचं नसतं. ते जनतेचं असतं आणि राज्य त्याचं विश्वस्त असतं. युरोपात शिकार शतकानुशतकं राजेरजवाड्यांची आणि जमीनदारांची होती. अमेरिकेत परवाना काढलेला कारखान्यातला फिटरसुद्धा सरकारी रानात जाऊन त्याच हरणाची वाट पाहू शकतो. ही गोष्ट लहान नाही.

धनुष्यबाण मात्र तोवर विस्मरणात गेला होता. तो परत आला तो एका दुर्दैवी माणसाच्या हातून. ऑगस्ट 1911मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ, कत्तलखान्याच्या आवारात, एक उपाशी आदिवासी माणूस सापडला. गोऱ्यांनी संपवलेल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस. त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि चालवायला शिकले. इशी शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला सुवासिक पाला चोळत असे. हरणाशी गाठ नाकाची आहे, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. 1916मध्ये इशी क्षयानं गेला. पोप यांनी 1923च्या आपल्या पुस्तकात त्याची विद्या लिहून ठेवली. पोप यांचे साथीदार आर्ट यंग यांनी अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट केला. तो 1927मध्ये डेट्रॉइटला फ्रेड बेअर नावाच्या एका तरुणानं पाहिला आणि 1933मध्ये त्यानं धनुष्यं बनवायचा कारखाना काढला. पुढे अमेरिकेत घराघरांत पोचलेली धनुष्यं त्याचीच.

नुसत्या धनुष्यबाणानं हरीण मारायचा स्वतंत्र हंगाम विस्कॉन्सिननं 1934मध्ये सुरू केला, तोही फक्त कोलंबिया आणि सॉक या दोन काउंट्यांत. चाळीस शिकारी उतरले, हाती एक हरीण लागलं. यामागे ज्यांचा आग्रह होता, त्यांत ऑल्डो लिओपोल्ड होते, विस्कॉन्सिन विद्यापीठातले वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक. ते आपली धनुष्यं स्वतः तासून बनवत आणि त्यांच्या पत्नी एस्टेला तिरंदाजीत राज्याच्या विजेत्या होत्या. चाळिसात एक, हा हिशेब लिओपोल्डसारख्यांना अपयशाचा वाटला नाही. जास्त माणसं जंगलात जावीत आणि कमी जनावरं मरावीत, हे त्यांना धनुष्यात दिसलं होतं.

बंदुकीला शंभर-दीडशे मीटर चालतात. बाणाला वीस यार्ड, म्हणजे अठरा मीटरच्या आत यावं लागतं. इतक्या जवळ हरीण येतं तेव्हा ते माणसाला बहुधा आधीच ओळखून असतं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर सगळीकडचं दिसतं. कान वळतात. नाकाचं तर बोलायलाच नको. जमिनीवर उभा असलेला धनुर्धारी दोरी ओढायला हात हलवतो आणि हरीण शेपटी उभारून पसार होतं. झाडावर बसलं की हालचाल हरणाच्या नजरेच्या रेषेच्या वर राहते आणि वास काही वेळ डोक्यावरून वाहून जातो. म्हणून ट्री-स्टँड मुळात बंदुकवाल्यांपेक्षा धनुष्यवाल्यांची गरज. झाडावर बसण्यात लबाडी आहे, असं मानणारेही पुष्कळ होते आणि काही राज्यांत त्यावर बराच काळ निर्बंध राहिले.

मग 1969मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना कप्प्यांच्या धनुष्याचं, ‘कंपाउंड बो’चं पेटंट मिळालं. टोकांना बसवलेल्या चाकांमुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत शिकारी ताणलेलं धनुष्य धरून थांबू शकतो. शिकायला सोपं, म्हणून धनुर्धारी झपाट्यानं वाढले. बंदुकांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावणारा 1937चा पिटमन-रॉबर्ट्सन कायदा होताच. 1972मध्ये धनुष्यबाणाचं सामानही त्यात आलं. जंगलात माणसं वाढली तशी फळ्या आणि खिळेही वाढले. दरवर्षी नवी बैठक, जुन्या तशाच सडत पडलेल्या. सरकारी वनातलं लाकूड पुढे लिलावात जातं, गिरण्यांत जातं. जखमेतून झाडात कीड शिरते ती वेगळीच. खिळ्यांवरची बंदी तिथून कडक होत गेली आणि बैठक पाठीवर घेऊन जायची वस्तू बनली.

सत्तरच्या दशकात ‘क्लाइंबर’ लोकप्रिय झाला. लाकडी फळी, तिला धातूची चौकट, खोडाला मागून वेढणारी कड. शिकारी फळीला पाय अडकवून खोडाला कवेत घ्यायचा, गुडघे पोटाशी ओढून फळी वर उचलायचा, मग तिच्यावर उभा राहून पुन्हा खोड कवटाळायचा. अळीसारखं इंचाइंचानं वर जाणं. खिळा नव्हता, पण धातूची कड सालीत रुतायची आणि मऊ सालीच्या झाडावर वरपासून खालपर्यंत ओरखडे उमटायचे. गुळगुळीत खोडावर फळी सुटली की माणूस खोडाला छाती घासत खाली यायचा. जुन्या शिकाऱ्यांच्या हातांवर त्याचे वण असत. पुढे हलक्या ॲल्युमिनियमच्या, पट्ट्यानं खोडाला आवळायच्या बैठका आल्या, तुकड्यातुकड्यांच्या शिड्या आल्या. आणि अलीकडे झाडं छाटणाऱ्या कामगारांसारखा कमरेला झोळीवजा पट्टा बांधून खोडाला दोरावर रेलायची पद्धत. तिला ‘सॅडल’ म्हणतात. पाठीवर चार-दोन किलोंचं ओझं, उतरल्यावर झाडावर खूण नाही.

बैठक हलकी झाली तसं सगळं कसब झाड निवडण्यावर आलं. खाजगी रानात माणूस उन्हाळ्यातच फांद्या छाटून बाणाला वाट करून ठेवतो. सरकारी जंगलात फांदी तोडायलाही बहुधा मनाई. म्हणजे वाट असलेलंच झाड शोधायचं. शॅगबार्क हिकरीची साल सुटून लोंबते, हात लागला की खरखरते, ती सोडायची. बीचचं खोड हत्तीच्या पायासारखं गुळगुळीत, पावसात धोक्याचं. अ‍ॅस्पेन सरळ, पण ऑक्टोबर सरता सरता निष्पर्ण होतं आणि शिकारी आभाळावर शाईनं काढल्यासारखा दिसू लागतो. ओक वाळकी पानं थंडीत बरेच दिवस धरून ठेवतो, म्हणून तो किंवा हेमलॉकसारखं सदाहरित झाड पाठीशी असलेलं बरं. पंधरा-वीस फूट पुरे. त्याहून उंच गेलं की बाणाचा कोन खडा होतो, नेम नीट बसत नाही आणि जनावर जखमी होऊन दूर जाऊन मरतं.

आणि वारा. डोंगरउतारावर सकाळी ऊन चढलं की हवा तापून वर सरकते. संध्याकाळी गार होऊन पाण्यासारखी ओहळीनं खाली उतरते. सकाळचं झाड वरच्या अंगाला, संध्याकाळचं खालच्या. हे तपासायला शिकारी खिशात मिल्कवीडची बोंडं ठेवतात. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. आपल्याकडे मुलं जिला ‘म्हातारी’ म्हणून फुंकतात, तसाच रेशमी केसांचा पुंजका. वरून एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहत राहायचं. तीस पावलांवर ती वळते, खाली बसते, पुन्हा उचलली जाते. जिथे ती गेली, तिथे वास गेला. हरणाची पायवाट त्या बाजूला असेल, तर झाड कितीही देखणं असो, सोडून द्यावं लागतं.

सरकारी जंगलात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे दुसरी माणसं. वाहनतळापासून अर्ध्या मैलात सगळ्यांची गर्दी. जो ओढा ओलांडून दलदलीपलीकडे जायला तयार असतो, त्याला एकांत मिळतो आणि तिथेच शिकारी टाळणारी हरणंही असतात. झाड राखून ठेवता येत नाही. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवरच्या बैठकीवर मालकाची ओळख लिहावी लागते. विस्कॉन्सिनच्या वनखात्याच्या जमिनींवर वर्षानुवर्षं नियम होता की दिवस संपला की बैठक उतरवून न्यायची. वेळ अंधाराची, अंग गारठलेलं. याच चढण्या-उतरण्यात माणसं पडतात, पाठीचे मणके मोडतात. सुरुवातीला कमरेभोवती नुसता पट्टा बांधत. पडल्यावर तो बरगड्यांखाली सरकून श्वासच कोंडायचा. 1988मध्ये उत्पादकांनी सुरक्षेसाठी संघटना काढली, खांद्या-मांड्यांतून जाणारे पूर्ण पट्टे रूढ झाले. आता खालून वरपर्यंत दोर सोडून त्यावर सरकती गाठ बांधतात आणि जमीन सोडल्यापासून परत टेकेपर्यंत माणूस तिला अडकलेला राहतो.

आपलं मचाण या कथेत दुरून येतं. जिम कॉर्बेट यांचं कुमाऊंच्या नरभक्षकांवरचं पुस्तक 1944मध्ये निघालं आणि अमेरिकेतही पुष्कळ खपलं. ‘मचाण’ हा शब्द तिकडच्या शिकाऱ्यांच्या वाचनात त्या वाटेनंही गेला. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं मचाण संपलं, नेमकं त्याच वर्षी ज्या वर्षी तिकडे बाणांवरच्या कराचा कायदा झाला. ताडोबात, मेळघाटात आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक मचाणावर बसतात ते पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायला. वारा, सावली, पाण्यापासूनचं अंतर, मध्येच खोकला न येणं, या सगळ्या गोष्टी तिथेही तशाच लागतात.

तिकडे मिशिगनमध्ये झाडाच्या निवडीवर नवं संकट आलं आहे. अ‍ॅश हे शिकाऱ्यांचं लाडकं झाड: सरळसोट खोड, बरीच उंची गाठेपर्यंत फांदी नाही, पट्टा धरणारी खरबरीत साल. 2002मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एक हिरवागार, चकचकीत, अर्ध्या इंचाचा भुंगा सापडला. तो आशियातून, बहुधा मालाच्या लाकडी पेट्यांतून आलेला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाडाचं पाणी तोडतात. कोट्यवधी अ‍ॅश मेले. मेलेला अ‍ॅश बाहेरून उभा दिसतो, आतून ठिसूळ झालेला असतो आणि माणसाच्या वजनानं कडकन मोडतो. म्हणून आता नोव्हेंबरच्या अंधारात चढण्याआधी शिकारी हेडलॅम्पचा झोत खोडावर वरपर्यंत फिरवतो. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची बारीक भोकं दिसली, तर पाठीवरची बैठक तशीच ठेवून पुढच्या झाडाकडे चालू लागतो.