माझगावची जहाजे आणि त्यांच्या डेकवरची हेलिकॉप्टरे

भारतीय नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा इतिहास मुख्यतः तीन ठिकाणी घडला: कोचीचा गरुड तळ, गोव्यातील दाबोळी आणि मुंबई. मुंबईतही दोन जागा धराव्या लागतात. कुलाब्याला हेलिकॉप्टरांचा तळ आहे. माझगाव गोदीत एकही हेलिकॉप्टर बनत नाही, तरी या इतिहासात तिचा वाटा कुलाब्याहून मोठा आहे. हेलिकॉप्टर समुद्रावर न्यायचे तर त्याला डेक, हँगर, इंधनाच्या टाक्या आणि डोलत्या जहाजावर उतरण्याची सोय लागते. या गोष्टी जहाजाचा आराखडा होतानाच ठरतात. त्यामुळे नौदलाने कधी कोणते हेलिकॉप्टर वापरले, हे पुष्कळदा गोदीतून तेव्हा कोणते जहाज बाहेर पडले त्यावरून उलगडते.

जहाजावरून हेलिकॉप्टर उडवण्याचा पहिला लष्करी वापर दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदलाने ‘कोलिब्री’ या फ्लेटनर कंपनीच्या छोट्या यंत्राने केला. भारतात त्याची गरज ‘विक्रांत’मुळे निर्माण झाली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला सेवेत दाखल झालेली ही विमानवाहू नौका त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. तिच्या डेकवरून सुटताना किंवा उतरताना एखादे विमान पाण्यात गेले, तर वैमानिकाला काही मिनिटांत उचलणारे कोणीतरी हवे होते. ते काम फ्रेंच बनावटीच्या ‘अलुएत ३’ या हेलिकॉप्टराकडे आले. विमाने उडण्याआधी ते उडे, जहाजाच्या बाजूला हवेत थांबून राही आणि शेवटचे विमान टेकल्यावरच उतरे. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळूरला हेच यंत्र परवान्याने बनवले आणि त्याला ‘चेतक’ हे नाव मिळाले. सव्वादोन टनांच्या आतले, चालकासह सात माणसांचे हे साधे हेलिकॉप्टर नौदलाने साठ वर्षे वापरले आहे. नौदलाची इतर हेलिकॉप्टरे आली आणि काही गेलीही, पण चेतक टिकले.

गोवा मुक्त झाल्यावर नौदलाच्या विमानांना पश्चिम किनाऱ्यावर मोठी धावपट्टी मिळाली. कोइमतूरजवळच्या सुलूर येथे १९६१ मध्ये सुरू झालेला ‘हंस’ तळ १९६४ मध्ये दाबोळीला आला. चेतकची ३२१ क्रमांकाची स्क्वाड्रन १९६९ मध्ये उभी राहिली.

३ जून १९७२ रोजी माझगावला बांधलेली ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट सेवेत आली आणि चेतकचे काम बदलले. ब्रिटनच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर बांधलेल्या या जहाजाला मागच्या बाजूला लहान डेक आणि हँगर होते. जहाजाच्या सोनारने पाणबुडी हेरायची, चेतकने तिच्यावर जाऊन पाणतीर टाकायचा, अशी विभागणी ठरली. चेतकला स्वतःचा सोनार नव्हता. जहाज सांगेल तिकडे जायचे, सांगेल तिथे पाणतीर सोडायचा आणि परत यायचे. जहाजाच्या सोनारचा पल्ला संपला की हेलिकॉप्टरही निरुपयोगी ठरे.

ही उणीव किती महाग पडू शकते, ते त्याआधीच दिसले होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने भारताची ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. खुकरी ब्रिटिश बांधणीची, आधीच्या पिढीतील फ्रिगेट होती. तिच्यावर हेलिकॉप्टर उतरवायला जागाच नव्हती. गुजरात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ आहे. पाण्याच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या तापमानात फरक पडला की सोनारच्या ध्वनिलहरी वळतात, आणि पाणबुडी त्या थराखाली दडते. जहाजाचा सोनार तळाला जखडलेला असल्यामुळे त्याला थर भेदता येत नाही.

यावरचा उपाय ‘सी किंग’मध्ये होता. मूळ अमेरिकेच्या सिकॉर्स्की कंपनीचे आणि ब्रिटनच्या वेस्टलँडने परवान्याने बनवलेले हे साडेनऊ टनांचे हेलिकॉप्टर पाण्यावर पंधरा-वीस मीटर उंचीवर स्थिर राहते आणि पोटातून केबलला बांधलेला सोनार थेट पाण्यात सोडते. हवा तेवढा खोल सोडल्यामुळे तो थराच्या खाली जाऊन ऐकतो. काही मिनिटे ऐकून झाले की सोनार वर ओढायचा, पुढे जायचे, पुन्हा सोडायचा. दोन हेलिकॉप्टरे आळीपाळीने असे करू लागली की पाणबुडीला त्यांचा पुढचा ठिकाणा ओळखता येत नाही. शिवाय तिच्या पाणतीरांचा हवेतल्या यंत्रावर उपयोग नसतो.

सी किंगची ३३० क्रमांकाची स्क्वाड्रन एप्रिल १९७१ मध्ये कोचीला उभी राहिली होती, आणि हंगोरच्या शोधात तिची हेलिकॉप्टरे होती. पाणबुडी निसटली. सी किंग आधी आले असते तर खुकरी वाचली असती, असे म्हणणे सोपे आहे. पण ते हेलिकॉप्टर पेलणारे डेक तेव्हा फक्त विक्रांतला होते, आणि विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. पश्चिमेला सी किंग किनाऱ्यावरूनच उडू शकत होते. म्हणजे हेलिकॉप्टर आले होते, ते नेणारे जहाज आले नव्हते.

ते जहाज घडवायला माझगावला नऊ वर्षे लागली. लिअँडर वर्गातील शेवटच्या दोन, ‘तारागिरी’ (१९८०) आणि ‘विंध्यगिरी’ (१९८१), यांवर सी किंग बसवायचे ठरले. चेतकच्या चौपट वजनाचे यंत्र ११३ मीटर लांबीच्या जहाजावर बसवणे हा धाडसी बेत होता. डेक वाढवण्यासाठी मागची पाणबुडीविरोधी उखळी तोफ काढावी लागली. उतरण्यासाठी कॅनडाच्या नौदलाने शोधलेली पद्धत घेतली. हेलिकॉप्टर डेकवर तरंगत राहते आणि बारीक दोर खाली सोडते. डेकवरची माणसे त्याला जाड केबल जोडतात, ती वर जाऊन अडकते आणि मग विंच हेलिकॉप्टराला हळूहळू खाली खेचून डेकवरच्या जबड्यात पकडते. यासाठी सी किंगचा ‘४२ए’ हा प्रकार घेण्यात आला.

खरी उडी १० डिसेंबर १९८३ रोजी सेवेत आलेल्या ‘गोदावरी’ने घेतली. लिअँडरचाच सांगाडा ताणून १२६ मीटर केलेल्या या फ्रिगेटवर दोन सी किंग मावत. एवढ्या आकाराच्या जहाजावर दोन अवजड हेलिकॉप्टरे ही त्या काळात जगात दुर्मीळ गोष्ट होती. भारतीय जहाजरचनाकारांच्या कर्तबगारीचा दाखला म्हणून क्षेपणास्त्रांपेक्षा गोदावरीचे हँगर दाखवायला हवे.

सी किंगचे पुढचे प्रकार १९८८ पासून आले. ‘४२बी’ला सुधारित सोनारबरोबर ‘सी ईगल’ हे जहाजभेदी क्षेपणास्त्र मिळाले. पाणबुडी शोधणारे हेलिकॉप्टर आता क्षितिजापलीकडच्या जहाजावरही मारा करू शकत होते. ‘४२सी’मधून सोनार काढून टाकला आणि तिथे कमांडो व सामान नेण्याची जागा केली. सोव्हिएत संघाकडून आलेल्या ‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिकांबरोबर कामोव्ह कंपनीची हेलिकॉप्टरे आली, आधी ‘कामोव्ह २५’ आणि मग ‘कामोव्ह २८’. एकावर एक, उलट दिशांनी फिरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्यांमुळे त्यांना शेपटीचा पंखा लागत नाही. त्यामुळे यंत्र आखूड राहते आणि डेकवर जागा वाचते. ‘कामोव्ह ३१’चे काम अगदी वेगळे. त्याच्या पोटाखाली उलगडून फिरणारा रडारचा मोठा फलक असतो, आणि ताफ्याकडे येणारी विमाने व क्षेपणास्त्रे ते दुरून हेरते. ही हेलिकॉप्टरे २००३ पासून दाबोळीला आहेत.

मे १९९८ मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग ब्रिटनमध्ये बनलेले असले तरी त्याचे अनेक भाग अमेरिकी होते. सुटे भाग अडकले आणि हेलिकॉप्टरे जमिनीवर बसून राहिली. त्याच सुमारास माझगावातून मोठी जहाजे निघू लागली होती: ‘दिल्ली’ १९९७, ‘शिवालिक’ २०१०, ‘कोलकाता’ २०१४. प्रत्येकीला ऐसपैस हँगर होते, आणि कित्येकदा त्यात एकुलते एक चेतक उभे असे. स्वदेशी ‘ध्रुव’कडून अपेक्षा होत्या, पण त्याची पाती दुमडून जहाजाच्या अरुंद हँगरात बसवणे जमेना. म्हणून ध्रुवचा नौदलातला उपयोग मुख्यतः किनाऱ्यावरील तळांवरून, गस्त आणि शोधकार्यासाठी झाला. गोव्यातली त्याची ३२३ क्रमांकाची स्क्वाड्रन एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये एक ध्रुव मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. तिघेही कर्मचारी वाचले, पण ध्रुवची उड्डाणे काही काळ थांबवली गेली.

या साऱ्या काळात नागरिकांना नौदलाचे हेलिकॉप्टर दिसले ते बचावाच्या कामात. कुलाब्याचा तळ २००९ मध्ये ‘शिक्रा’ या नावाने स्वतंत्रपणे सेवेत आला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा नौदलाने पाणबुडे पाठवले आणि पाहणीसाठी सी किंग उडवले. हजाराहून अधिक प्रवासी अखेर बोटींनीच बाहेर काढले गेले. त्यानंतर आठवड्याभराने कल्याणजवळच्या खडवलीच्या जू-नांदखुरी गावातून ५८ जणांना हवेतून उचलले गेले. ते हेलिकॉप्टर हवाई दलाचे होते, नौदलाचे नव्हे. बातम्यांत ही गल्लत नेहमी होते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी ३०५’ हा तराफा २६१ जणांसह बुडाला. १८६ जण वाचले. या शोधात युद्धनौकांसोबत हेलिकॉप्टरेही कित्येक दिवस फिरत होती. दूरच्या समुद्रात, नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात, ‘तबर’ या युद्धनौकेवरून उडालेल्या हेलिकॉप्टरातील कमांडोंनी मुंबईच्या कंपनीचे ‘जग अर्णव’ हे जहाज सोमाली चाच्यांपासून वाचवले.

सी किंगच्या जागी येणारे ‘एमएच ६० आर सीहॉक’ हेही सिकॉर्स्कीचेच. फेब्रुवारी २०२० मध्ये अशा २४ हेलिकॉप्टरांचा करार झाला. पाती आणि शेपूट दुमडणारे, पाण्यात सोडायचा सोनार, पाणतीर आणि क्षेपणास्त्रे बाळगणारे हे यंत्र आहे. त्याची पहिली स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला सुरू झाली, दुसरी डिसेंबर २०२५ मध्ये दाबोळीला. त्याआधी, १५ जानेवारी २०२५ रोजी, माझगावची नवी ‘नीलगिरी’ मुंबईत सेवेत आली. तिच्या डेकवरून सीहॉक उडू शकते. जहाजावरच्या बहुउद्देशी हेलिकॉप्टराचा आराखडा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने मांडला आहे. पण पहिल्या नीलगिरीपासून दुसऱ्या नीलगिरीपर्यंतच्या त्रेपन्न वर्षांत डेकवरून उडून पाणबुडीचा माग काढणारे हेलिकॉप्टर भारताला प्रत्येक वेळी बाहेरूनच आणावे लागले.