पडद्यापुढची माणसं

दिवाळी सरली की वडशाच्या चौकात चेहरे उगवू लागतात. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. बहुतेक नाट्यमंडळांची कार्यालयं इथंच. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती; त्यांच्या निमित्तानं गावोगाव रात्रभर रंगणारी नाटकं इथूनच ठरतात, ती थेट होळीपर्यंत. त्या नाटकांच्या फ्लेक्सवर नायकाचा मोठा चेहरा असतो, त्याच्या खांद्याआडून खलनायक डोळे वटारून बघतो, पदर तोंडाशी धरलेली आई असते, खाली नऊवारीतली नर्तकी आणि या सगळ्यांच्या मागं विजांनी फाटलेलं आभाळ. ही माणसं एका वेळी एका कॅमेऱ्यापुढं उभी राहिलेलीच नसतात. कुणाचा फोटो मोबाइलवर काढलेला, कुणाचा मागच्या मोसमातला; आभाळ तर कुठल्या देशातलं, कोण जाणे. त्यांची गाठ पडते ती फ्लेक्सवाल्याच्या संगणकात.

ही जोडणी माणसाला संगणकानं शिकवली, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात फोटोला वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हापासून ती चालू आहे. १८५७ साली इंग्लंडात ऑस्कर रायलँडरनं तिसाहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र छापलं आणि त्याची एक प्रत खुद्द व्हिक्टोरिया राणीनं विकत घेतली. आपल्याकडं मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. तिथल्या विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली कित्येक चित्रं जोडलेली आहेत. माणसं स्टुडिओत टिपलेली, मागचा देखावा वेगळ्या निगेटिव्हवरचा. काचेला रसायन लावायचं, ते ओलं असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायचं, असा तेव्हाचा खटाटोप. सगळा संसार घेऊन उघड्यावर जाण्यापेक्षा माणसांना आत बोलावणं सोपं होतं.

या चित्रांत माणसाच्या पायाशी बघावं. उन्हातल्या रस्त्यावर तो उभा असतो, पण उजेड त्याच्यावर पडलेला असतो खोलीतला. आकृतीच्या कडेनं बारीक रेघ जाणवते आणि पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. चित्राखाली नाव बहुधा जातीचं, माणसाचं नाही. ज्या जागी तो कधी उभा नव्हता तिथं त्याला उभं करायचं आणि हा अमक्या जातीचा नमुना म्हणून जगाला दाखवायचं, हे करताना त्याला विचारलं गेलं असेल असं वाटत नाही. या कारागिरीचा हा पहिला हिशेब विसरता येत नाही.

दुसरी वाट दादासाहेब फाळक्यांची. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला, पुढं जादूचे प्रयोगही केले. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखवणारा हा माणूस १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या सिनेमाच्या सुरुवातीलाच सगळं उघड करून ठेवतो. आधी मुलगी मंदाकिनी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यानं दिसते, भाव बदलून दाखवते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. मुलगी कोण हे प्रेक्षकाला सांगूनच त्याला कृष्ण दाखवला आहे. प्रेक्षकानं तरीही हात जोडले, तर ते जाणूनबुजून.

नाटकाच्या पडद्याचा करारही असाच असतो. जंगलाचा पडदा सोडला की जंगल, दरबाराचा सोडला की दरबार. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे पडदे रंगवतच घडले. पुढं त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. तोच पडदा लहान होऊन तालुक्याच्या गावच्या फोटो स्टुडिओत टांगला गेला. त्यावर गोल जिना, कारंजं, नाहीतर ताजमहाल. धान कापून आलेलं कुटुंब धुतलेल्या कपड्यांत त्या जिन्याच्या पायथ्याशी बसायचं.

त्या स्टुडिओंतलं सगळ्यात हळवं काम जोडफोटोचं. म्हातारा गेला की घरचे लोक त्याचा एकुलता एक फोटो घेऊन यायचे, ओळखपत्रासाठी काढलेला, शिक्का कानावर उमटलेला. म्हातारी आधीच गेलेली. तिचा फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात. दोघांचा मिळून एकही नाही. स्टुडिओवाला दोन्ही फोटोंच्या कॉप्या काढायचा, चेहरे एका मापाचे करून घ्यायचा. मग ब्लेडनं कड कापायची, कागदाची जाडी दिसू नये म्हणून ती मागून घासून पातळ करायची, पुठ्ठ्यावर दोघांना शेजारी चिकटवायचं. सांध्यावर बारीक ब्रशनं राखी रंग फिरवायचा, शिक्का झाकायचा, आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. शेवटच्या या फोटोत सांधा विरून जाई. फ्रेम घरी गेली की तिला हार पडे. हा फोटो खोटा आहे, असं त्या घरात कुणाला वाटलं नाही, आणि तसं म्हणण्याचा अधिकार बाहेरच्यालाही नाही.

फोटोशॉप आलं १९९० मध्ये. चार वर्षांनी त्यात लेयर आले, आणि खरी उलथापालथ त्यांनी केली. एकावर एक ठेवलेले पारदर्शक पडदेच ते. हवा तो सरकवा, हवा तो झाका, खालच्याला धक्का नाही. ब्लेड गेलं, पण कडेचं दुखणं तसंच राहिलं. चेहऱ्याची कड कापता येते. कानामागच्या मोकळ्या केसांची येत नाही. घाईच्या कामात केसांच्या जागी टोपी घातल्यासारखी गुळगुळीत रेघ येते किंवा जुन्या भिंतीचा पांढरा पट्टा डोक्याभोवती उरतो. जॉन्सनच्या चित्रातली ती रेघ दीडशे वर्षांनी वडशाच्या फ्लेक्सवर पुन्हा भेटते. आता वाघाच्या अंगावर हात टाकून उभा असलेला वाढदिवसाचा दादाही तिथं दिसतो, पण त्यानं खरोखर वाघ पाळलाय असं पोरसोरंही मानत नाहीत.

वाघाचं चित्र या मुलखात आणखी एका रूपात येतं. जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून दोन. त्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो आणि फोटोच्या तळाशी तारीख-वेळ उमटते. असलं साधं, बिनसजावटीचं चित्र म्हणजे पुरावा, ही सवय इथल्या डोळ्यांना लागली आहे.

त्या सवयीवरच २०२५ च्या नोव्हेंबरात घाव बसला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर एका माणसाला वाघ ओढून नेतो, असा सीसीटीव्हीच्या धाटणीचा व्हिडिओ देशभर फिरला. तो कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेला आहे, अशी घटना घडलेलीच नाही, हे वन विभागाला सांगावं लागलं. जिथं मोहफुलं वेचायला, गुरं चारायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात खरोखर मरतात, त्या जिल्ह्यात ही बातमी करमणुकीची नव्हती. या चित्रात कापलेली कड नव्हती, उरलेला पांढरा पट्टा नव्हता, कारण जोडायला मुळात फोटोच नव्हते.

ब्रह्मपुरीहून निघून वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथं त्याच सुमारास मोसम सुरू झाला होता आणि चौकात नवे फ्लेक्स चढत होते. त्यांच्या तळाशी नाटकाचं नाव, लेखकाचं नाव, गाव, तारीख, तिकिटाचा दर आणि मंडळाचा फोन नंबर.